सांबरघाटातल्या फेऱ्या

दसऱ्याला गाडी धुऊन झाली, बॉनेटवर झेंडूची माळ चढली आणि रणजित मोहितेने नव्या यंत्रालाही हळदकुंकू वाहिलं. यंत्र तळहाताएवढं होतं. स्टिअरिंगशेजारी बसवलेलं, आणि त्याची एक वायर आत इंधनाच्या नळीवरच्या मापकापर्यंत गेलेली. सरकारी कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं. लोक त्याला वाटाड्या म्हणत.

"आता नुसतं तोंडाने सांगायचं," रणजित बायकोला म्हणाला. "बोल, कुठे जायचं?"

"माहेरी," वैजयंता हसून म्हणाली. "सांबरमाचीला, दादाकडे."

यंत्रावरचा दिवा लुकलुकला. मग त्यातून शांत, समजूतदार बाईचा आवाज आला. "सांबरमाचीला आज जाण्यापेक्षा शनिवारी जावं. शनिवारी तुम्ही वडजलच्या बाजाराला जाताच. दोन फेऱ्यांची एक होईल."

"आई, हा तर बाबांपेक्षा चिकट निघाला!" त्यांची मुलगी स्वरांजली म्हणाली, आणि तिघंही हसली.

त्या वर्षांत इंधन असं महागलं होतं, की कराडातली माणसं लग्नपत्रिका आली की आधी कार्यालयाचं गाव बघत आणि मग वधूवरांची नावं. विजेच्या गाड्या होत्या, पण त्यांच्या बॅटऱ्यांना लागणारे धातू इंधनाहून दुर्मिळ झाले होते. त्या गाड्या साध्या घरांना झेपत नव्हत्या. ज्यांच्याकडे जुनी पेट्रोलची गाडी होती ते ती जपून वापरत. मोहित्यांची छोटी मोटार तशीच होती. रणजित ओगलेवाडीच्या एका कारखान्यात फोरमन होता आणि वैजयंता घरीच शिवणाचे वर्ग घेत असे.

वाटाड्या आला आणि दिवस खरोखर थोडे सुसह्य झाले. तो नुसता जवळचा रस्ता दाखवत नव्हता. जवळचा रस्ता सगळेच धरतात, सगळे एकाच चौकात अडकतात आणि उभ्या उभ्या इंजिन जाळत राहतात. वाटाड्या सगळ्यांचा हिशेब एकत्र करी. दहांतल्या तीन गाड्यांना तो थोड्या लांबच्या रस्त्याने पाठवी, म्हणजे दहाच्या दहा गाड्यांचं मिळून इंधन कमी लागे. रस्ता किती चढाचा, किती खडबडीत, वारा कुठून येतोय, हे त्याला गाड्यांकडूनच कळत होतं. प्रत्येक गाडी जाताना रस्ता मोजत जाई आणि तिच्या मागून येणारीला तो आयता मिळे.

पंपावर आता दोन भाव होते. वाटाड्याचं ऐकणाऱ्याला सल्ल्याचा भाव आणि न ऐकणाऱ्याला मोकळा भाव. मोकळा भाव जवळजवळ दुप्पट. कोण किती ऐकतं याचा प्रत्येक घराला एक आकडा मिळे, त्याला शिस्तांक म्हणत. मोहित्यांचा शिस्तांक त्यांच्या गल्लीत सगळ्यात चांगला होता आणि रणजितला त्याचा अभिमान होता. सहा महिन्यांत कराडातल्या वाहतुकीच्या रांगा नाहीशा झाल्या. कोल्हापूर नाक्यावर उन्हाळ्यात जो धूर कोंडायचा तो कोंडेनासा झाला. ज्यांनी वाटाड्याला शिव्या दिल्या होत्या त्यांनीही नंतर मान्य केलं, यंत्र चांगलं आहे.

वैजयंताचा थोरला भाऊ धनाजी शेलार सांबरमाचीला राहायचा. वडजल गावापासून जुना सांबरघाट चढत गेला, की अगदी माथ्यावर ही पंचवीस-तीस घरांची वस्ती होती. तिथून पुढे घाट कोकणात उतरे. माथ्यावर, रस्त्याच्या कडेला धनाजीचं हॉटेल होतं. पत्र्याचं छप्पर, सहा लाकडी बाकं, आत चूल. शेंगदाण्याची आमटी आणि नाचणीची भाकरी एवढंच तिथे मिळे, पण कोकणात उतरणारे ट्रकवाले दोन घास खायला तिथेच थांबत. डोंगराच्या पोटातून नवा बोगदा झाला तेव्हा अर्ध्या गाड्या तिकडे गेल्या. धनाजी डगमगला नाही. "बोगद्यात काय बघणार माणूस? अंधार!" तो म्हणायचा. आणि उरलेल्या अर्ध्या गाड्यांवर त्याचं घर खाऊन-पिऊन चालत होतं.

पुढच्या वर्षीच्या भाऊबिजेला वैजयंता ओवाळायला गेली तेव्हा बाकं रिकामी होती. लता वहिनी बाहेर येऊन रस्त्याकडे बघत उभी होती.

"काय गं वहिनी, आज सुट्टी?"

"आमाला रोजच सुट्टी हाय, वन्सं," लता म्हणाली. "कालच्याला चार गाड्या गेल्या. त्यातली एक दुधाची."

धनाजीने ओवाळून घेतलं, ताटात साडी ठेवली आणि जेवताना एकदम विचारलं, "वैजू, गाड्या कुठं गेल्या गं? रस्ता तर हाय तसाच हाय."

जेवण झाल्यावर वैजयंताने गाडीत जाऊन वाटाड्याच्या पडद्यावर नकाशा मोठा केला. बोगद्याचा रस्ता ठळक हिरवा होता. पठारावरून पवनचक्क्यांच्या कंपनीने केलेला लांबचा रस्ता होता, तोही हिरवा. सांबरघाटाची रेघ मात्र फिकट पिवळी झाली होती, हळदीचं बोट पुसल्यावर भिंतीवर राहते तशी.

"म्हंजे काय?" मागून वाकून बघत धनाजीने विचारलं.

"माहीत नाही, दादा. विचारून सांगते."

विचारण्यासारखा माणूस घरातलाच होता. रणजितचा आतेभाऊ नीलेश पुण्यात वाटाड्याच्याच केंद्रात इंजिनिअर होता. महिन्याभराने तो कराडला आला तेव्हा वैजयंताने त्याला चहा देतादेताच विषय काढला.

नीलेशने कप बाजूला ठेवला. "वहिनी, वाटाड्या प्रत्येक रस्त्याबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवतो. या रस्त्याने किती इंधन लागेल, ही एक. आणि त्या आकड्याची आपल्याला किती खात्री आहे, ही दुसरी. गाड्या जात राहिल्या की खात्री वाढते. गाड्या थांबल्या की माहिती शिळी होत जाते. मधे दरड आली असेल, खड्डा पडला असेल, यंत्राला काय कळणार? मग ते वाईटातलं वाईट धरून चालतं."

"आणि तिकडे कुणाला पाठवत नाही."

"हो."

"आणि कुणाला पाठवत नाही म्हणून माहिती मिळत नाही."

नीलेशने मान हलवली. "हो. आम्हाला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणून सुरुवातीला शंभरातली एक गाडी आम्ही मुद्दाम अशा रस्त्यांवर पाठवायचो. चाचणीची गाडी. लोकांनी केवढा आरडाओरडा केला! आमच्याच पेट्रोलवर तुमच्या चाचण्या का? मागच्या भाववाढीनंतर ते बंद करावं लागलं. खरं सांगू? तुमचा घाट चालू राहिला तर बोगद्यावरचा भार हलका होईल, एकूण इंधनही वाचेल. पण हे यंत्राला समजायला आधी घाटातून गाड्या जायला हव्यात."

"मग आता?"

"पंधरवड्याला निदान बारा गाड्या वरखाली गेल्या तर रेघ पुसणार नाही. पण बारा वेगवेगळ्या हव्यात. एकाच गाडीने शंभर फेऱ्या मारल्या तरी ती एकच धरली जाते. नाहीतर कुणीही आपल्या दुकानापुढे फेऱ्या मारत बसेल ना."

हे वैजयंताने भावाला कळवायच्या आधीच धनाजीच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या. गाड्या गेल्या तर रस्ता जगतो एवढं त्याला कुणाकडून तरी समजलं होतं. रोज सकाळी तो जुनी जीप काढायचा, वडजलपर्यंत उतरायचा आणि परत चढायचा. रिकामाच. लता म्हणायची, वेड लागलंय. मोकळ्या भावाचं इंधन जाळून माणूस रिकामी जीप वरखाली करतो, याला दुसरं काय म्हणायचं? वाटेत पडलेले दगड तो उतरून बाजूला करी, रस्त्याखालच्या मोरीत अडकलेला पाला काढी. वैजयंताने फोनवर त्याला बारा गाड्यांची गोष्ट सांगितली.

"म्हंजे मी धरलोच न्हाई व्हय?" तो म्हणाला.

"तू एक धरलास, दादा. अजून अकरा लागतात."

त्या अकरा गाड्या वैजयंताने उभ्या केल्या. तिने शिवणवर्गातल्या बायकांना सांगितलं, मावसभावांना सांगितलं, स्वरांजलीच्या शाळेतल्या जुन्या सरांना सांगितलं. एरवी कुणापुढे तोंड न उघडणारी बाई दारोदार फिरली. "महिन्यातून दोनदा. फक्त घाट चढायचा, माझ्या भावाकडे जेवायचं आणि घाट उतरायचा." लोकांना गंमत वाटली. काहींना खरंच वाईट वाटलं. आणि त्या हिवाळ्यात सांबरमाचीला पुन्हा माणसं दिसू लागली. रविवारी सहाही बाकं भरायची. लहान मुलं कड्याच्या कठड्याशी उभी राहून दरीत हाका मारायची, आणि धनाजी चुलीपुढून ओरडायचा, "मागं सरका रं, तुमच्या आयांना मी काय सांगू!" लता दमून जाई आणि खूश असे. स्वरांजलीने वाढायला मदत केली आणि मामाने तिला पहिल्यांदाच चुलीवर भाकरी थापू दिली. ती करपली. मामाने ती कौतुकाने खाल्ली.

वाटाड्याच्या पडद्यावर घाटाची रेघ थोडी गडद झाली. वडजलहून कोकणात जाणाऱ्या एका ट्रकला तर त्याने स्वतःहून घाटाचा रस्ता दाखवला. तो ट्रक हॉटेलापुढे थांबला तेव्हा धनाजीने ड्रायव्हरला मिठीच मारली.

मार्चमध्ये इंधनाचा भाव आणखी चढला.

माणसं वाईट नव्हती. एकीच्या सासूला रोज दवाखान्यात न्यावं लागायचं. एका मावसभावाने गाडीच विकली. सरांनी फोन करून माफी मागितली, म्हणाले, पेन्शनीत बसत नाही हो आता. कुणी काहीच न सांगता येईनासं झालं, आणि बाजारात वैजयंता समोरून दिसली की दुकानात वळू लागलं. उन्हाळा संपेपर्यंत बाराच्या पाच गाड्या राहिल्या. लता वहिनी चाकणला मुलाकडे गेली. भांडून नाही गेली. "तुमी चला," ती नवऱ्याला म्हणाली होती. "तू जा, मी रस्त्याचं बघून येतो," धनाजी म्हणाला होता.

वैजयंता मात्र दर आठवड्याला जात राहिली. कधी गाडीने, कधी शेजारणीची गाडी मागून घेऊन, म्हणजे तेवढीच एक वेगळी गाडी धरली जाईल. मोहित्यांचा शिस्तांक उतरत गेला. आणि जूनमध्ये स्वरांजलीला इस्लामपूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. वसतिगृहात जागा नव्हती. घरून जाऊन-येऊन करायचं, गल्लीतल्या आणखी दोन मुलींना घेऊन आपल्याच गाडीने, असं ठरलं. तेव्हा रणजित एका संध्याकाळी बायकोसमोर येऊन बसला.

"वैजू, आपण मोकळ्या भावात गेलो."

ती शिवणयंत्रावरून उठली नाही.

"मी तुला कधी नाही म्हटलंय का?" तो म्हणाला. "धनाजी मला भावासारखा आहे. पण मोकळ्या भावाने पोरीचं रोजचं इस्लामपूर होत नाही. मी सगळ्या बाजूंनी बघितलं. तीन महिने जर आपण वाटाड्या सांगेल तसं वागलो, तर शिस्तांक वर येतो."

"तीन महिन्यांत घाट जाईल."

"जाईल," रणजित म्हणाला. त्याने तिच्याशी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही.

आतल्या खोलीत स्वरांजली जागीच उभी राहिली असणार, कारण तिच्या पावलांचा आवाज थांबला होता. वैजयंताने हातातलं कापड पुरं शिवून संपवलं. दोरा तोडला. मग म्हणाली, "बरं."

तिने हे धनाजीला सांगायला फोन केला तेव्हा तिला नीट बोलताच येईना. धनाजीनेच तिला आवरलं.

"अगं, रडतीस काय! पोरगी शिकाय पायजे. मी हाय की हितं. जीप हाय. आनि तू आता यायचं न्हाई, कळलं का? दिवाळीला ये. तवा कसं, वाटाड्या पण न्हाई म्हणणार न्हाई. सणाला सवलत असती म्हणं."

ऑगस्टच्या शेवटी सांबरघाटाची रेघ करडी झाली. सप्टेंबरात ती पडद्यावरून गेली. बांधकाम खात्याचा दुरुस्तीचा क्रमही वाटाड्याच्याच माहितीवरून ठरत असे, त्यामुळे घाटात डांबर टाकायला येणारी टोळी त्या वर्षी आली नाही. नकाशावर वडजलच्या पुढे आता फक्त डोंगराचा हिरवा रंग होता. सांबरमाची दिसायची, पण तिच्याकडे जाणारा एकच रस्ता राहिला होता. बोगद्यातून पलीकडे जायचं, पठारावर चढायचं आणि पवनचक्क्यांच्या रस्त्याने उलटं फिरून यायचं. घाटाने वडजलहून अर्धा तास लागायचा. तिकडून अडीच तास.

धनाजीची जीप अजून वरखाली होत होती. तिच्यातल्या वाटाड्याचं म्हणणं असं, की ही गाडी रोज रानातून चालली आहे.

दिवाळीला पंधरा दिवस असताना, सकाळी, रणजित कामावर जायला निघत होता आणि वैजयंताचा फोन वाजला. सांबरमाचीच्या बायजाकाकूंचा होता. धनाजीच्या शेजारी त्यांचंच एक घर उघडं राहिलं होतं.

"वैजे, धनाच्या छातीत कळ आलीया. घामानं भिजलाय निसता. म्या त्या गाडीला फोन केलाय, दवाखान्याच्या. वडजलास्नं निघाली म्हणत्यात."

"वडजलहून ना? मग आलीच, काकू. त्याला पाणी पाजू नका, बसता करा. आम्ही निघालो."

रणजितने गाडी काढली. रस्त्यात वैजयंताने रुग्णवाहिकेचा नंबर मिळवला. ड्रायव्हर नवीन होता, लातूरकडचा. आवाजावरून भला वाटत होता.

"कुठे पोचलात, दादा?"

"बोगद्यात शिरतोय, ताई."

वैजयंताला आधी समजलंच नाही. "बोगद्यात? अहो, घाटाने जायचं! वडजलच्या शाळेपासून उजवीकडे जुना रस्ता चढतो. अर्ध्या तासात वर जाता."

"ताई, इथे रस्ताच दाखवत नाही."

"नसेल दाखवत. रस्ता आहे. माझा भाऊ रोज जातो त्या रस्त्याने."

"मी तुमचं खोटं म्हणत नाही, ताई. पण नकाशावर नाही त्या रस्त्याला गाडी घालायची नाही, असा आम्हाला हुकूम आहे. मागे पन्हाळ्याकडे आमची एक गाडी अशीच कड्याला अडकली, आतला पेशंट गेला. आणि आता मी आत शिरलोय, बोगद्यात गाडी फिरवता येत नाही. पुढेमागे ट्रकच ट्रक आहेत, मुंगीच्या पावलांनी चाललंय. मी पोचतो, ताई. मी शक्य तेवढ्या लवकर पोचतो."

फोन तुटला. बोगद्याच्या आत आवाज पोचत नव्हता.

वडजलच्या शाळेपासून रणजितने उजवीकडे गाडी घातली. "पुढे रस्ता नाही," वाटाड्या म्हणाला. "कृपया मागे वळा." पुढे रस्ता होता. डांबर ठिकठिकाणी उखडलं होतं, कडेचं गवत आत आलं होतं, पण एकही दगड वाटेत नव्हता. मोऱ्या साफ होत्या. वळणांवरच्या कठड्यांना कुणीतरी चुना लावला होता. वैजयंताने तो चुना पाहिला आणि तोंडावर पदर दाबून धरला. वाटाड्या दर वळणाला मागे वळायला सांगत राहिला, शेवटी रणजितने त्याची वायर उपसून काढली.

धनाजी चुलीजवळच्या बाकावर भिंतीला टेकून बसला होता. चेहरा राखेसारखा. बहिणीला बघून त्याने हसायचा प्रयत्न केला.

"आलीस? मी म्हणलो व्हतो दिवाळीला ये."

दोघांनी आणि बायजाकाकूंनी मिळून त्याला गाडीत मागे निजवलं. डोकं वैजयंताच्या मांडीवर. रुग्णवाहिका पठारावर चढते आहे, असा निरोप आला होता. तिची वाट बघण्यात अर्थ नव्हता. रणजितने गाडी घाटात उतरवली, जमेल तेवढ्या वेगाने.

"हळू घ्या, पावणं," धनाजी डोळे मिटूनच म्हणाला. "म्होरल्या वळणावर पाला असतोय. काल काढायचा ऱ्हायलाय."

रणजितने वेग कमी केला. वळणावर खरंच पाला होता, ओला आणि निसरडा. गाडी त्यावरून सावकाश पुढे गेली. त्यानंतर धनाजी काही बोलला नाही. वडजलच्या शाळेची कौलं खाली दिसू लागली तेव्हा वैजयंताच्या लक्षात आलं, की मांडीवरचं डोकं जड झालं आहे. तिने रणजितला लगेच सांगितलं नाही. पुढच्या मैलाच्या दगडापर्यंत ती भावाच्या केसांतून हात फिरवत राहिली.

त्या वेळी रुग्णवाहिका पवनचक्क्यांच्या रांगेतून सांबरमाचीकडे चालली होती.

त्याच दुपारी त्याला परत वर नेलं. धनाजीचं सरण सांबरमाचीलाच रचायचं, असा लताने चाकणहून निघतानाच आग्रह धरला होता. बातमी फोनाफोनी पसरली आणि लोक निघाले. ज्यांनी येणं सोडलं होतं ते निघाले, आणि ज्यांनी त्याच्या हॉटेलात पंधरा वर्षांपूर्वी कधीतरी भाकरी खाल्ली होती तेही निघाले. सर आले. गाडी विकलेला मावसभाऊ दुसऱ्याची गाडी मागून आला. वडजलचे दुकानदार आले, दोन ट्रकवाले आले. माणूस गेल्यावर इंधनाच्या भावाचा विचार कुणी करत नाही. वाटाड्या प्रत्येकाला मागे वळा, मागे वळा म्हणत होता आणि मातीला निघालेल्या माणसांनी तिकडे लक्ष दिलं नाही. संध्याकाळपर्यंत माथ्यावर गाड्या लावायला जागा उरली नाही. शेवटच्या वीसेक गाड्या घाटातच कडेला उभ्या राहिल्या.

चिता पेटली तेव्हा मोकळ्या भावाने आलेले ते सगळे लोक दाटीवाटीने उभे होते. पुष्कळजण वैजयंतापाशी येऊन काहीतरी बोलले. तिला त्यातलं काही ऐकू आलं नाही. ती फक्त एवढंच बघत होती, की किती गाड्या आहेत.

दहाव्याला त्या मानाने थोडीच माणसं होती. पिंडाला कावळा लवकर शिवला. दुपारी लताच्या मुलाने हॉटेलातली भांडी पोत्यांत भरली, बाकं बायजाकाकूंना देऊन टाकली आणि दाराला साखळी घालून कुलूप लावलं. "आता कोण येणार हितं, आत्या?" तो म्हणाला. रणजित त्यांना मदत करायला मागे थांबला. स्वरांजलीची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, म्हणून वैजयंता तिला घेऊन पुढे निघाली. वाटाड्याची वायर रणजितने कधीतरी परत जोडली होती.

गाडी सुरू झाली आणि पडदा उजळला.

"आई," स्वरांजली हलक्या आवाजात म्हणाली. "बघ."

वडजलपासून माथ्यापर्यंत आणि माथ्यापासून खाली कोकणापर्यंत सांबरघाटाची रेघ उमटली होती. ठळक हिरवी. "सांबरघाट मार्ग आजपासून खुला आहे," वाटाड्या त्याच समजूतदार आवाजात म्हणाला. "खात्री उत्तम. बोगद्यात गर्दी आहे. हा सर्वांत कमी इंधनाचा मार्ग आहे."

स्वरांजलीने यंत्र बंद करायला हात पुढे केला.

"असू दे," वैजयंता म्हणाली.

तिसऱ्या वळणावर पहिला ट्रक समोरून आला. त्याच्यामागे दुसरा. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, म्हणून वैजयंताने गाडी कठड्याला लावून उभी केली. ट्रक घरघरत जवळून गेले. मग एक टेम्पो, मग तीन मोटारी, मग पुन्हा ट्रक, एकामागून एक, वळणाच्या खालून येतच राहिले. पाल्याचा ओला लगदा चाकांखाली कधीच नाहीसा झाला होता. एका ड्रायव्हरने वाट दिल्याबद्दल खिडकीतून हात वर केला. वैजयंतानेही सवयीने हात वर केला.

स्वरांजली रडत होती. वैजयंताने इंजिन बंद केलं, आणि रांग संपायची वाट बघत बसली.